आमच्या गाडीचा ब्रेक परस्पर बदलू नका : 30 दिवसांची मुदत

भंडारा जिल्ह्यातून वाहन कंपन्या, विक्रेते आणि परिवहन यंत्रणेला जाहीर इशारा

चालकाला साहाय्य करणारी ॲडास यंत्रणा बसवलेल्या मोटारी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला, त्या मोटारींची विक्री-देखभाल करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला आणि परिवहन विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्यांना हा जाहीर इशारा आहे. ब्रेक आपणहून केव्हा लागायचा, स्टिअरिंग कधी ओढायचे, धोक्याची घंटा कोणत्या क्षणी वाजायची, हे ठरवणारे सॉफ्टवेअर गाडीच्या मालकाला न विचारता, न सांगता बदलण्याचा प्रकार ताबडतोब बंद करा. हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांची मुदत आहे. मुदत संपल्यावर विनंत्या थांबतील आणि कायद्याने दिलेला प्रत्येक मार्ग आम्ही वापरू.

हा राग तंत्रज्ञानावर नाही. 2020-21 पासून ही यंत्रणा आपल्याकडच्या मोटारींत येऊ लागली. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही ती मिळते आणि एमएच-36 पाटीच्या गाड्यांतही ती दिसू लागली आहे. नीट चालली तर ती जीव वाचवते, हे आम्हाला मान्य आहे. 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. त्यातली 15,224 महाराष्ट्रातली. हे आकडे डोळ्यांसमोर असताना ब्रेक लावण्यात मदत करणाऱ्या यंत्राला कोणीही शहाणा माणूस विरोध करणार नाही. आमचा विरोध आहे तो त्या यंत्राचे वागणे आमच्या पाठीमागे बदलण्याला.

हे वागणे बदलते कसे, ते आधी समजून घेतले पाहिजे. समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो आणि पुढच्या भागात रडार असतो. दोघे मिळून समोर काय आहे, किती अंतरावर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे याचा अंदाज बांधतात. हा अंदाज शंभर टक्के खात्रीचा कधीच नसतो. किती खात्री पटल्यावर ब्रेक दाबायचा, याची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेली असते. ती खाली आणली तर गाडी उड्डाणपुलाच्या सावलीलाही ब्रेक मारते. वर नेली तर खराखुरा माणूस समोर असतानाही ती थांबायला उशीर करते. म्हणजे एका आकड्याने गाडीचा स्वभाव बदलतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही वेगळे दिसत नाही. बॉनेट उघडा, चाके तपासा, ब्रेक ऑइल पाहा, सगळे जागच्या जागी असते. रात्रीतून दावणीचा बैल बदलावा आणि सकाळी धन्याला काही न सांगता तीच बंडी जुंपायला लावावी, असा हा व्यवहार आहे.

चालकांचे अनुभव आता एकाच वळणावर येऊन थांबतात. सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी पूर्वी पांढऱ्या पट्टीजवळ गेल्यावर हलकेच सावध करायची, आता स्टिअरिंग हिसकते. समोरच्या वाहनापासून ठेवायचे अंतर मालकाने आपल्या सवयीने ठरवलेले असते. अपडेटनंतर ते मूळ पदावर जाते आणि पहिल्याच प्रवासात गाडी अनपेक्षित वेग घेते किंवा टाकते. मुद्दाम बंद ठेवलेली सोय पुन्हा सुरू झालेली आढळते. घंटा इतक्या वेळा वाजते की चालक वैतागून सगळी यंत्रणाच बंद करतो, आणि ज्या सुरक्षेसाठी पैसे मोजले तीच हातची जाते. जॉब कार्डवर मात्र एकच ओळ असते : सॉफ्टवेअर अपडेट केले. काय बदलले, का बदलले, याचा एक शब्दही नसतो.

माझाही अनुभव यापेक्षा वेगळा नाही. सर्व्हिसिंगमध्ये मला न विचारता अपडेट झाले. त्यानंतर साकोलीकडून परतताना लाखनीच्या अलीकडे, हलक्या वळणावर, शेजारच्या लेनमधल्या ट्रकला समोरचा अडथळा समजून गाडीने करकचून ब्रेक लावला. मागे भरलेला टिप्पर होता. त्याच्या चालकाने प्रसंगावधान राखून बाजू काढली म्हणून मी आज हे लिहू शकतो. तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “स्कॅनमध्ये काहीच एरर दाखवत नाही साहेब. पुढचं अपडेट येईल, तोवर सांभाळून चालवा.”

या उत्तरातच सगळा धोका आहे. स्कॅनमध्ये एरर दिसणारच नाही, कारण यंत्राचा कुठलाही भाग बिघडलेला नसतो. सॉफ्टवेअरने त्याला सांगितले तेच केले. सांगणेच चुकलेले असते. अशा वेळी जुनी आवृत्ती कोणती होती, नवी कोणती टाकली आणि त्या क्षणी कॅमेऱ्याला व रडारला काय दिसले, या तीन गोष्टींशिवाय दोष सापडत नाही. तिन्ही गोष्टी कंपनीच्या हातात असतात. मालकाच्या हातात फक्त स्टिअरिंग असते.

आणि कायद्यापुढे उभा राहतो तो मालक किंवा चालकच. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत बजावलेले असते की ही यंत्रणा केवळ साहाय्यासाठी आहे, नियंत्रणाची जबाबदारी सदैव चालकाची. ठीक आहे, ती जबाबदारी आम्ही स्वीकारतो. पण अपघात झाला, कोणी मेले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 106 खाली गुन्हा आमच्यावर नोंदला जातो. ज्या बदलाची माहितीच आम्हाला दिली नाही, त्या बदलाचे पाप आमच्या माथी मारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? जबाबदारी आमची असेल तर माहितीही आमचीच असली पाहिजे. माहिती तुमच्याकडे ठेवायची असेल तर जबाबदारीही तुम्ही घ्या. तिसरा मार्ग आम्हाला मान्य नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मालकाला काय सांगते तेही पाहा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही यावर स्पष्ट शब्दांत शिक्कामोर्तब केले. पण आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन आणि रंग असतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती नसते. त्यामुळे गाडीचा रंग बदलला तर मालकाला आरटीओच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गाडीचा ब्रेक लावण्याचा निर्णय बदलला तरी कंपनीला कोणाला कळवावे लागत नाही. ही विसंगती कायद्यातून गेली पाहिजे.

आता आमच्या जिल्ह्याचा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग 53 जवाहरनगर, भंडारा, कारधा, गडेगाव, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या पोटातून जातो. हजिरा ते पारादीप जाणारी अवजड वाहतूक याच रस्त्यावर आहे. पुढे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलांमधून तो देवरीकडे उतरतो. या रस्त्यावर रात्री रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो, गुरे डांबरावर बसलेली असतात. धान निघाल्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या भरून खरेदी केंद्राकडे जातात. हार्वेस्टर अर्धा रस्ता व्यापून चालतो. गावरस्त्यांवर धान वाळत घातलेले असते, तणस पसरलेली असते आणि पांढरी पट्टी त्याखाली नाहीशी होते. दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि पहाटे माणसे, लहान लेकरे कडेने चालत घरी येतात. थंडीत वैनगंगेच्या काठी धुके दाटते. पावसाळ्यात चिखलाचा थर रडारवर बसतो.

कंपन्यांनो, तुमच्या पुस्तिका उघडून वाचा. बहुतेक गाड्यांतला आपोआप ब्रेक वाहन, पादचारी आणि सायकलस्वार ओळखण्यासाठी बनवलेला असतो. जनावराची हमी त्यात नसते. धूळ, धुके, मुसळधार पाऊस, समोरून येणारा प्रखर प्रकाश आणि पुसलेल्या पट्ट्या यांत यंत्रणा चालेलच असे नाही, हे तुम्हीच बारीक अक्षरांत लिहून ठेवता. म्हणजे भंडारा जिल्ह्यातला नेहमीचा रस्ता तुमच्या अपवादांच्या यादीत बसतो. तरी जाहिरातीत गाडी स्वतःहून सांभाळून घेते असे चित्र दाखवले जाते. अशा रस्त्यावर आमचे लोक यंत्राचा स्वभाव महिनोन् महिने अनुभवून ओळखतात : कुठे ते धोका देते, कुठे विश्वास टाकता येतो. एका अपडेटने ही कमावलेली ओळख पुसली जाते आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. अपघात इथे होतो.

ही कल्पनेतली भीती नाही. 23 ऑक्टोबर 2021 रोजी टेस्ला कंपनीने अमेरिकेत आपल्या चाचणी सॉफ्टवेअरचे एक अपडेट गाड्यांना पाठवले. त्यानंतर गाड्या टकरीचा खोटा इशारा देऊ लागल्या आणि काही आपणहून ब्रेक लावू लागल्या. कंपनीला ते मागे घ्यावे लागले आणि पुढे 11,704 गाड्यांसाठी रीतसर रिकॉल नोंदवावा लागला. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच कंपनीच्या सुमारे 4,16,000 गाड्यांबाबत, विनाकारण ब्रेक लागण्याच्या 354 तक्रारींवरून तिथल्या सुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली. डिसेंबर 2023 मध्ये 20 लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल झाला, कारण चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही हे तपासण्याची व्यवस्था अपुरी ठरली. तो दोष अपडेटनेच दुरुस्त करायचा होता. एकाच कंपनीच्या या नोंदींतून दोन्ही गोष्टी दिसतात : अपडेट दोष काढते आणि अपडेटच दोष घालते. म्हणूनच ते चोरपावलांनी येता कामा नये.

चीनमध्ये 29 मार्च 2025 च्या रात्री आनहुई प्रांतात शाओमीच्या मोटारीला अपघात झाला आणि तिघांचा जीव गेला. अपघाताच्या काही क्षण आधीपर्यंत साहाय्यक यंत्रणा सुरू होती. त्यानंतरच्या महिन्यात तिथल्या सरकारने कंपन्यांना बोलावून जाहिरातीतली अतिशयोक्ती आणि परवानगीविना अपडेट पाठवून ग्राहकांवर चाचण्या करणे बंद करायला सांगितले. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 156 तर 2021 पासूनच अस्तित्वात आहे. अपडेट कशासाठी आहे, त्याने काय बदलेल, किती वेळ लागेल, त्या काळात काय बंद राहील, हे वापरणाऱ्याला सांगणे त्यात बंधनकारक आहे. अपडेट फसले तर गाडी आधीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत आली पाहिजे, असेही तो सांगतो. युरोपात जुलै 2024 पासून सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. भारतात याच विषयावर एआयएस-190 हे मानक आखले गेले आहे. युरोपच्या ग्राहकाला जे सांगता, ते साकोलीच्या ग्राहकाला सांगायला तुमची जीभ का अडखळते?

मार्च 2025 मध्ये केंद्राने मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांसाठीही आपोआप ब्रेक, लेन सोडल्याचा इशारा आणि चालकाला झोप येत असल्याची सूचना सक्तीची करण्याचा मसुदा काढला. शेजारच्या नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसवर टकरीचा इशारा देणारी उपकरणे बसवली गेली. म्हणजे उद्या एसटीची बस आणि रेतीचा टिप्परही सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून ब्रेक लावतील. पन्नास माणसांच्या बसचा ब्रेक कोणाच्या आदेशाने बदलला, हे कोणालाच सांगता येणार नाही, अशी वेळ येण्याआधी नियम हवा.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. यात तडजोड नाही.

1. ब्रेक, स्टिअरिंग, वेग किंवा इशारे यांना स्पर्श करणाऱ्या प्रत्येक अपडेटआधी मालकाला मराठीत, लेखी सूचना द्या. काय बदलणार, का बदलणार आणि गाडी आता कोणत्या प्रसंगी वेगळी वागेल, हे साध्या शब्दांत लिहा. “कामगिरीत सुधारणा” असले मोघम वाक्य चालणार नाही.

2. मालकाच्या संमतीशिवाय अपडेट टाकू नका. जिवाच्या धोक्यामुळे ते तातडीचे असेल तर तसे कळवा, आणि बदललेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येण्याआधी कळवा.

3. जॉब कार्डवर जुन्या आणि नव्या आवृत्तीचा क्रमांक, तारीख, कॅमेरा-रडारच्या जुळणीची नोंद आणि काम करणाऱ्याची सही असलीच पाहिजे. मालकाने ठरवलेल्या सेटिंग जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. राहिल्या नाहीत तर गाडी ताब्यात देताना तोंडी आणि लेखी सांगा.

4. अपडेटनंतर विनाकारण ब्रेक लागण्याची तक्रार आली तर दोष दूर होईपर्यंत आधीची सुरक्षित आवृत्ती परत द्या. ते शक्य नसेल तर ती सोय कंपनीच्या खर्चाने बंद करून तसे लिहून द्या. “सांभाळून चालवा” हे उत्तर यापुढे घेतले जाणार नाही.

5. अपघात झाल्यास गाडीत नोंदलेली माहिती 7 दिवसांच्या आत मालकाला आणि तपास अधिकाऱ्याला द्या.

6. गुरे, बंडी, दिवा नसलेली ट्रॉली, हार्वेस्टर, पुसलेली पट्टी यांपैकी काय यंत्रणेला ओळखता येते आणि काय येत नाही, याची यादी प्रत्येक शोरूममध्ये ठळक अक्षरांत लावा.

परिवहन विभागाला आमचे सांगणे स्पष्ट आहे. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची नोंद सुरू करा. एआयएस-190 मधील तरतुदींची अंमलबजावणी रस्त्यावरच्या ॲडास असलेल्या प्रत्येक मोटारीपर्यंत न्या. भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयात अशा तक्रारींची वेगळी नोंदवही ठेवा आणि तक्रारदाराला पोच द्या. महामार्गाची देखभाल करणाऱ्यांनी वळणरस्त्यांवरच्या जुन्या पट्ट्या खरवडून काढाव्यात. जुन्या आणि नव्या पट्ट्या एकाच वेळी दिसल्या की यंत्र चुकीची ओढ घेते.

चालक बंधू-भगिनींनो, हा इशारा तुमच्यासाठीही आहे. कंपनीशी भांडताना आपण बेफिकीर राहिलो तर भांडण्याचा हक्क गमावतो. यंत्रणा सुरू असली तरी हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर ठेवा. हात काढून ठेवता यावेत म्हणून स्टिअरिंगला वजन लावण्याचे उद्योग करणारे स्वतःच्या लेकरांच्या जिवाशी खेळत आहेत. अपडेट झाले की सगळ्या सेटिंग एकेक करून तपासा आणि आवृत्तीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. आपोआप ब्रेक लागतो की नाही हे पाहायला माणसावर किंवा जनावरावर गाडी घालू नका. समोरची काच बदलली तर कॅमेऱ्याची जुळणी केल्याशिवाय गाडी घेऊ नका. पावसाळ्यात रडारवरचा चिखल पुसा. अपडेटच नको, असा हट्टही धरू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये किया कंपनीने कॅरेन्सच्या 44,174 गाड्या एअरबॅगच्या नियंत्रक सॉफ्टवेअरसाठी परत तपासायला बोलावल्या होत्या. असे बोलावणे टाळणारा स्वतःचेच नुकसान करतो.

आणि तक्रार लेखीच करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांत दोषाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येते आणि 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो आदेश निघायला तक्रारींची ठरावीक संख्या भरावी लागते. शोरूमच्या काउंटरवर तोंडी केलेली ओरड त्या संख्येत धरली जात नाही.

मुदत संपल्यानंतर आम्ही काय करू, तेही उघड सांगतो. प्रत्येक बाधित मालकाची तक्रार सरकारच्या रिकॉल पोर्टलवर आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली जाईल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदींखाली, सारख्याच तक्रारी असलेले मालक एकत्र येऊन भंडारा जिल्हा ग्राहक आयोगात सामूहिक तक्रार दाखल करतील. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे मांडल्या जातील. ज्या विक्रेत्याने लेखी माहिती द्यायला नकार दिला, त्याच्या दारात शांततेने धरणे धरले जाईल. रास्ता रोको होणार नाही. रस्त्यावरच्या जिवांसाठी लढणाऱ्यांनी रस्त्यावर ॲम्ब्युलन्स अडवायची नसते.

विक्रेत्यांनो, कंपनीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. जॉब कार्डवर शिक्का तुमचा आहे. कंपन्यांनो, मुख्यालय दूर आहे म्हणून ही धमकी हलकी समजू नका. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात त्याला दाद मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. अधिकाऱ्यांनो, अपघातानंतर पंचनाम्याला येण्यापेक्षा आज एक पत्र काढणे सोपे आहे.

मागण्या लेखी आहेत, उत्तरही लेखीच हवे. ते 30 दिवसांत आले नाही, तर 31 व्या दिवशी पहिली तक्रार दाखल होईल आणि त्यावर पहिली सही माझी असेल.